आई जरा थकली आहे

हापाई, ६ फेब्रुवारी १९९४

आदरणीय लेसिएलीताई,

प्रभूनं आजवर सांभाळलं म्हणून हे लिहायला बसता आलं. ऑकलंडला तुम्ही, भाऊजी आणि मुलं त्याच हातांत सुखरूप असाल अशी आशा आहे. माझं अक्षर तुम्ही कधी पाहिलं नसेल. बाबा गेले तेव्हाचं पत्र पाळकांनी लिहिलं होतं. त्यानंतर मी लिहावं अशी वेळच आली नाही. पुनरुत्थानाच्या सणाला आणि नाताळला आई पांगाईला जाऊन तुमच्याशी फोनवर बोलायची, आणि तुमचं-आमचं जे काही असेल ते तीच इकडून तिकडे नेत-आणत असे.

या नाताळला फोन आला नाही म्हणून तुम्ही वाट पाहिली असेल. समुद्र खवळलेला होता, सेमिसीनं होडी काढली नाही. जानेवारीत पाणी शांत झालं, पण तेव्हा आई जरा थकली होती. काळजीचं कारण नाही. तिला होडीत चढवायचं-उतरवायचं या दिवसांत बरं वाटत नाही, एवढंच.

वादळानं नीरफणसाची दोन झाडं पाडली. चर्चचं छप्पर राहिलं. चटईघरात बायका रोज विणायला जमतात. मी शेतावरून येताना रस्त्यावरूनच त्यांचा आवाज ऐकतो. लोसामावशीची जीभ होती तशीच आहे. परवा ती आईला म्हणत होती, ‘तोआकासे, तुझी कड वाकडी गेलीय बघ.’

आई म्हणाली, ‘कड सरळ आहे. जावयाकडे बघून बघून तुझी नजर वाकडी झालीय.’

सगळं चटईघर हसलं. मीही रस्त्यात हसलो. घरी आल्यावर माझी बायको वैमोआना म्हणाली की कड खरंच वाकडी गेली होती, आणि सगळ्याजणी पांगल्यावर लोसामावशीनं ती हळूच उसवून पुन्हा विणली. आईची कड वाकडी गेलेली मला आठवत नाही. तुम्हाला आठवते का?

काय लिहू म्हणून आईला विचारलं. म्हणाली, ‘लिही, चटयांचा केवडा यंदा लांब आलाय. पानं उकळून समुद्रात भिजत टाकलीत. वाळली की दुधासारखी पांढरी होतील.’

‘आणखी?’

‘बाकीचं मी बोलले असते.’

म्हणून इथेच थांबतो.

तुमचा भाऊ,
फिलिमोने


हापाई, २० मार्च १९९४

आदरणीय ताई,

मागचं पत्र पोचलं असेल, किंवा बोटीवरच राहिलं असेल. दोन्ही होतं. उत्तराची घाई नाही.

आई अजून जरा थकलेलीच आहे. चटईघरात जाणं सध्या बंद ठेवलं आहे. पांगाईची नर्स आमच्या गावात लहान मुलांना बघायला आली होती, तिलाच म्हटलं, आलीच आहेस तर आईलाही बघून जा. बराच वेळ आत होती. आईचं अंथरूण आता आम्ही समुद्राकडच्या दारापाशी आणलं आहे. तिथं वारा येतो. होडी लागते ती जागाही तिथून दिसते. होडी आली की आई डोळ्यांवर हात धरून बघते आणि कोण कोण उतरलं ते वैमोआनाला विचारते. वैमोआना एकेक नाव सांगते. मग आई म्हणते, ‘बरं.’

रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. धक्क्यापासून घरापर्यंतच्या वाटेवरचं गवत मी काढून ठेवलं आहे.

हे वाक्य लिहिलं तेव्हा वैमोआना माझ्या पाठीमागे उभी होती. म्हणाली, ‘गवत काढलं हे काय लिहिताय? सरळ लिहा, या म्हणून.’

मी म्हटलं, ‘भावानं बहिणीला या म्हणायचं? हुकूम सोडायचा?’

‘मग मी लिहिते.’

‘नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला तू बोलावणं धाडणार? तुझ्या माहेरी चालत असेल.’

‘माझ्या माहेरी म्हातारी माणसं दाराकडे बघत पडलेली नसतात,’ असं म्हणून ती भांडी आपटायला निघून गेली. तिला रीत कळत नाही असं नाही. ती दमली आहे. हेही लिहायला नको होतं, पण शाईनं लिहिलेलं खोडलं की वाईट दिसतं.

तुम्ही मोठ्या झालात तेव्हा बाबांनी मला मागच्या खोपटात झोपायला पाठवलं. तेव्हापासून तुम्ही ज्या खोलीत त्या खोलीत मी नाही, तुम्ही ज्या चुलीपाशी तिथं माझा आवाज नाही. मला ते कधी जड गेलं नाही. सगळ्या घरांत तसंच असतं. मध्ये आई होती. तुमच्या सुवासिक तेलाची बाटली मी सांडली होती, आठवतं? सणासाठी फुलं घालून उन्हात मुरवलेलं तेल. मी आईला म्हटलं, ‘सांग, मांजरानं सांडलं.’ आई गेली आणि तुम्हाला म्हणाली, ‘त्याच्या हातून सांडलं गं. रडतोय बिचारा. जेवला नाही.’ मी त्या वेळी दोन भाजलेले नीरफणस संपवून खोपटात पडलो होतो आणि कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकत होतो. थोड्या वेळानं आई तुमच्या वाटणीचा मासा माझ्यासाठी घेऊन आली. म्हणाली, ‘ताईनं पाठवलाय. खा आता.’

मी तोही खाल्ला.

आई झोपली आहे. आताशा दुपारचीही झोपते.

फिलिमोने


हापाई, ८ मे १९९४

आदरणीय ताई,

आज मुलांचा रविवार झाला. पांढऱ्या कपड्यांतली मुलं उभी राहून वचनं म्हणाली. माझ्या धाकटीनं अर्ध्यात विसरून रडं काढलं, तेव्हा मागून सगळ्या बायकांनी तिच्यासाठी पुढचं म्हणून टाकलं. आई घरीच होती. मुलांचा आवाज तिथपर्यंत येतो. मुलं घरी आल्यावर तिनं कोण अडखळलं ते बरोबर सांगितलं. कान चांगले आहेत.

जेवण थोडं कमी झालं आहे. नारळाचं पाणी घेते.

तिच्याजवळ बसलो की मनात जुनं येतं. ती या बेटावर आली तेव्हा एक पेटी आणि एक चटई एवढंच घेऊन आली होती. ते सांगताना ती नेहमी म्हणायची, ‘आणि तुझ्या बाबांनी पेटीच उचलली. मला उचलायचं राहून गेलं.’ होडीतून कमरेएवढ्या पाण्यात ती स्वतःच उतरली होती. शनिवारी नारळाच्या करवंट्यांचा विस्तव इस्त्रीत भरून ती बाबांचा आणि माझा सदरा कडक करायची. रविवारी सगळ्यांत आधी उठून मातीतली भट्टी लावायची. आणि चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की डोळे मिटायची. एकदा पाळकांनी विचारलं, ‘तोआकासे, माझं बोलणं एवढं कंटाळवाणं असतं का?’ ती म्हणाली, ‘छे हो. एवढं चांगलं असतं, म्हणूनच डोळे मिटून ऐकते. उघडे ठेवले की तुमचं पोट दिसतं.’

आम्ही जेवत असताना ती पंखा घेऊन माश्या वारत बसायची. ती काय जेवते, कधी जेवते, हे मला माहीत नव्हतं. आता मी तिला नारळाचं पाणी पाजतो तेव्हा लक्षात आलं, आईचं जेवताना हलणारं तोंड मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. तिचं मनगट माझ्या अंगठ्याच्या आणि एका बोटाच्या वेढ्यात बसतं. कदाचित ते आधीही तेवढंच असेल. मी कधी धरलं नव्हतं.

ती वैमोआनाला तुमच्या नावानं हाक मारते. वैमोआना ओ देते.

तुम्हाला तिकडे काम असतं, मुलांच्या शाळा असतात, रजा सहज मिळत नसणार, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. आमच्याकडून कसलाही आग्रह नाही. फक्त कळवायचं म्हणून कळवलं. आई जरा थकली आहे.

हे पत्र मी वैमोआनाला वाचून दाखवलं. ऐकून ती उठली. पंखा घेऊन आईपाशी जाऊन बसली. मग तिथूनच म्हणाली, ‘हे वाचून कुणीसुद्धा येणार नाही.’

फिलिमोने


हापाई, १३ जून १९९४

लेसिएलीताई,

गुरुवारी फोनवर आवाज तुटत होता. तुम्हाला काय ऐकू गेलं आणि काय गेलं नाही ते मला समजलं नाही, म्हणून पुन्हा सगळं लिहितो.

आई गुरुवारी दुपारी गेली. ऊन होतं. वैमोआना तिचे केस विंचरत होती. आईनं विचारलं, होडी आली का? वैमोआना म्हणाली, आज होडीचा दिवस नाही. आई म्हणाली, ‘बरं.’ नंतर वैमोआनानं दुसरी बट हातात घेतली तेव्हा मान तिच्या हातातच कलली. मी शेतावर होतो. चर्चची घंटा ऐकली आणि मला कळलं.

सेमिसीनं मला लगेच पांगाईला नेलं. फोनच्या कचेरीत ती फाने आहे, आईचा फोन नेहमी तीच जोडून देते. मला एकट्याला पाहून तिनं खुर्ची दिली. मग ओरडायला लागली, ‘ऑकलंड! ऑकलंड, ऐकू येतंय का? हापाईहून बोलतोय! अहो, तुमच्या रेडिओचा आवाज कमी करा आधी!’

मी म्हटलं, ‘ताई, मी फिलिमोने.’

इतक्या वर्षांनी तुमचा आवाज ऐकला. तो आईसारखा झाला आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही म्हणालात, ‘आईला दे.’

‘आईला आणलं नाही.’

‘का? थकलीय अजून?’

मला पुढे बोलता येईना. मला वाटतं फोन तुटला असं तुम्हाला वाटलं असेल. तो तुटला नव्हता. मी उभा होतो. फानेनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, ‘बाई, तुमची आई गेली. आज दुपारी. हा भाऊ इथं रडतोय, जरा थांबा.’ मी रडत नव्हतो. तिनं आपल्या मनानं सांगितलं.

मग तुम्ही जे म्हणालात ते मला शब्दन्‌शब्द ऐकू आलं. ‘तू लिहिलंस थकलीय. तिन्ही पत्रांत लिहिलंस थकलीय. थकणं म्हणजे काय रे? मी इथं कारखान्यात रोज थकते. मरतेय असं लिहायला तुझा हात मोडला होता का?’

ताई, आपल्याकडे बहिणीच्या कानावर तसं घालत नाहीत. तुम्हाला हे माहीत आहे, असं धरून मी लिहीत होतो. आई असती तर तिनं तुम्हाला सरळ सांगितलं असतं, ‘पोरी, तुझी आई जातेय, ये.’ सांगणारी तीच होती, आणि जाणारीही तीच. मी तुम्हाला वाटेवरचं गवत काढल्याचं लिहिलं, दाराशी अंथरूण आणल्याचं लिहिलं. यापेक्षा मोठ्यानं ओरडणं मला येत नाही.

तुम्ही विचारलंत, दफन थांबवता येईल का, मी येते. मी नाही म्हटलं. इथं बर्फघर नाही. शुक्रवारी दुपारी दफन झालं. आईच्या आत्याची नात तिच्या बेटावरून आली आणि रीतीप्रमाणे मानानं उशाशी बसली. मी आणि आमच्या घरची माणसं सुतकाच्या फाटक्या चटया कमरेला गुंडाळून मागं भट्टीपाशी होतो. आदल्या रात्री बायकांनी गीतं म्हटली, लोसामावशी सगळ्यांत मोठ्यानं. मध्येच थांबून ती आईला म्हणाली, ‘ऊठ की आता, किती वेळ डोळे मिटून ऐकतेस!’ कुणी हसलं नाही. मग तिचं तिलाच रडू आलं.

कबरीवर घालायचे काळे खडे धुऊन तेलानं चोळायचे असतात. ते लेकीचं काम. वैमोआना करते आहे.

फोन ठेवताना तुम्ही आणखी एक गोष्ट बोललात. म्हणालात, ‘दर नाताळला आईच्या तोंडून माफी मागायचास. लग्नाला आला नाहीस त्याची खंत जन्मभर राहील, म्हणायचास. आणि स्वतः पत्र लिहिलंस तेव्हा त्यातला एक शब्द नाही. म्हणून मला वाटलं, आईनं बळजबरीनं लिहून घेतलंय. म्हणून मी उत्तर दिलं नाही.’

 त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. आज नाही.

फिलिमोने


हापाई, २१ ऑगस्ट १९९४

लेसिएलीताई,

तुमचा निरोप फानेनं सेमिसीच्या हाती न देता मला बोलावून स्वतः सांगितला. आई माझ्या नावानं सांगायची ती माफी एकदा मी माझ्या हातानं लिहून पाठवावी, मग या नाताळला तुम्ही मुलांना घेऊन याल. आईच्या कबरीवर तुम्ही स्वतः खडे घालाल. मुलं आजोळ बघतील.

गेले काही आठवडे मी हे पत्र मनात लिहितो आहे. वैमोआना रोज विचारते, ‘लिहिलं का?’ काल म्हणाली, ‘दोन ओळी तर लिहायच्या आहेत. सासूबाई इतकी वर्षं तोंडानं म्हणत होत्या, तुम्हाला हातानं लिहायला काय होतं?’

मी म्हटलं, ‘आई म्हणत होती. मी नाही.’

‘मग आता तुम्ही म्हणा.’

मी त्या दिवशी फोन ठेवल्यावर फानेला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘अहो, लाइन जोडून द्यायची म्हणजे कानावर पडतंच. म्हातारी काय काय सांगायची तुमच्या नावानं! मी घरी जाऊन माझ्या भावाला शिव्या द्यायचे, शीक जरा म्हणून.’ मी विचारलं, ‘आणि तिकडून ताई माझ्यासाठी काय सांगायच्या?’ फाने टेबल पुसायला लागली. मग म्हणाली, ‘तिकडून तुमचं नाव कधी निघालं नाही.’

ताई, पांगाईहून परतल्यावर आई ओल्या कपड्यांनिशी दारातच सांगायची, ‘तुझ्या ताईनं विचारलंय, फिलिमोनेचा गुडघा कसा आहे. त्याला म्हणावं, ओल्यात बसू नकोस.’ एका नाताळला म्हणाली, तुम्ही माझ्या धाकटीसाठी रोज प्रार्थना करता. एका सणाला म्हणाली, बाबांनी केलं ते तुम्ही केव्हाच विसरलात. मी प्रचारक म्हणून चर्चमध्ये उभा राहतो तेव्हा तुमचं उदाहरण देत आलो आहे, नाव न घेता. माझी एक बहीण आहे, मी म्हणायचो, तिला आम्ही दूर लोटलं, तरी ती आमची विचारपूस करते. लोक माना डोलवायचे. आईही बसलेली असायची, डोळे मिटून. माझ्या गुडघ्याची बातमी ऑकलंडला कशी गेली असेल, हे मला एकदाही सुचलं नाही.

तेव्हा आता तुम्हाला खरं कळवतो. लग्नाला न आल्याची माफी मी कधी मागितली नाही. ते निरोप माझे नव्हते. भाऊजी दुसऱ्या पंथाचे आहेत म्हणून बाबांनी आम्हाला घराबाहेर पडू दिलं नाही, आणि बाबांनी बरोबर केलं असं मला तेव्हा वाटलं. पुढेही वाटत राहिलं. मला त्याची खंत नव्हती. तुम्ही मला क्षमा केली आहे असं आईकडून ऐकत असल्यामुळे खंत करायची गरजही पडली नाही. आई तुम्हाला माझी खंत सांगत होती आणि मला तुमची क्षमा. आपल्या दोघांकडेही ती नव्हती. दोन्ही आईच्या पदरची होती.

आता खंत आहे का, हे मी प्रार्थनेला बसून स्वतःला विचारलं. आहे. पण ती तुमच्यासाठी नाही. तुमच्या लग्नाच्या दिवशी आईनं पहाटे भट्टी लावली होती. तुम्ही तिकडे राजधानीत, इथे ना पाहुणा ना सण, आणि तिनं घरचं मोठं डुक्कर भाजायला घातलं. बाबांनी विचारलं, ‘हे कुणासाठी?’ ती म्हणाली, ‘मला भूक लागलीय.’ दुपारी तिनं सगळं उघडून पानांवर मांडलं, कोनफळं, मासे, सगळं, आणि बाजूला पंखा घेऊन बसली. कुणी जेवायला आलं नाही. बाबा आत, मी खोपटात. ती माश्या वारत बसली. ऊन उतरल्यावर तिनं टोपल्या भरल्या आणि घरोघर वाटून आली. त्या दिवशी मी बाहेर येऊन एक घास खाल्ला असता तर बाबांची आज्ञा मोडली नसती. त्याची मला खंत आहे. तुमच्या लग्नाची नाही. तुम्ही मागता ते माझ्याजवळ नाही.

दोन ओळी लिहिल्या असत्या तर तुम्ही आल्या असतात. मला ते कळतं. मुलं धक्क्यावर उतरली असती. पण मग मला दर नाताळला तेच निभवावं लागलं असतं. आईला ते जमायचं, कारण तिला आपण दोघंही हवे होतो. मला आई हवी होती. तुम्हालाही आईच हवी होती, असं मला वाटतं. आपल्याला एकमेकांची ओळखसुद्धा नाही.

आणि एक गोष्ट भावानं बहिणीला लिहायची नसते, तीही लिहितो. मला तुमचा राग आहे. आई दाराशी पडून प्रत्येक होडीतली माणसं मोजत होती आणि तुमच्या हातात माझी तीन पत्रं होती. त्यांत माफी नव्हती हे तुम्हाला दिसलं. तिनं केवडा भिजत घातलाय, पण ती चटईघरात जात नाही, हे दिसलं नाही. नारळाच्या पाण्यावर माणूस किती दिवस राहतं, हे तुम्ही याच बेटावर वाढून विसरलात. बहिणीचा राग भावाच्या मुलांना बाधतो असं आपण मानतो. म्हणून हे लिहिताना मुलांना मी बाहेर पाठवलं आहे. तुम्ही शाप द्यायचा तर मला द्या.

आईसाठी मी रोज प्रार्थना करतो आणि ती कुठेतरी पोचते असं मला वाटतं. आपल्या दोघांसाठी करायला बसलो की शब्द येत नाहीत. प्रभूला काय मागू, तेच समजत नाही.

वैमोआनानं हे पत्र वाचलं. म्हणाली, ‘सेमिसी सकाळी निघतोय. त्याला सांगते, पिशवी भरली, पुढच्या खेपेला ने. तोवर तुमचं मन बदलेल.’ मी तिला म्हटलं, तू माझ्या आईसारखं करू नकोस. तिनं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि निघून गेली.

आई असती तर हे पत्र तिनं धक्क्यापर्यंत जाऊ दिलं नसतं. उद्या मी ते स्वतः नेऊन देणार आहे.

फिलिमोने